हेब्डन ब्रिज आणि आसपास: पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

पुण्याहून, नाशिकहून किंवा लंडनहून कुणी आमच्याकडे यायचं ठरवलं की फोनवर साधारण हेच प्रश्न येतात. त्याच त्या उत्तरांचा मलाच कंटाळा आला, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते आहे. २०१७ पासून मी इथे राहते. गावाबद्दल माझी मतं पक्की आहेत आणि ती या उत्तरांत शिरणारच, तेवढं चालवून घ्या.

हे गाव नेमकं आहे कुठे आणि यायचं कसं?

उत्तर इंग्लंडमध्ये, वेस्ट यॉर्कशायरात, मँचेस्टर आणि लीड्स यांच्या मधोमध. या दोन शहरांच्या मधे पेनाइन नावाची डोंगररांग आडवी पडली आहे. तिच्यातून कॉल्डर नदी पूर्वेकडे उतरते आणि तिच्या वरच्या खोऱ्यात, हेब्डन वॉटर हा ओढा तिला मिळतो तिथे हे गाव वसलंय. हॅलिफॅक्स या शहरापासून पश्चिमेकडे १३ किलोमीटर. वस्ती साडेचार हजारांच्या आसपास.

गाडीने येऊ नका, पार्किंगच्या शोधात अर्धा दिवस जाईल. रेल्वे उत्तम आहे. मँचेस्टरहून चाळीसेक मिनिटं, लीड्सहून पन्नासेक. फक्त एक लक्षात ठेवा: मँचेस्टरमध्ये आमची गाडी व्हिक्टोरिया स्टेशनातून सुटते, पिकडिलीतून नाही. विमानतळावरून येणारे हमखास पिकडिलीला उतरतात आणि तिथून मला फोन करतात. तिथून ट्रॅमने व्हिक्टोरिया गाठायचं.

इथली रेल्वे १८४० ची, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच्या तेरा वर्षं आधीची. मँचेस्टरहून येताना डोंगराच्या पोटातून जाणारा समिट बोगदा लागतो. १८४१ मध्ये तो सुरू झाला तेव्हा जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा होता. आता लोक त्यात मोबाइलची रेंज गेली म्हणून कुरकुरतात.

नावाचा अर्थ काय?

हेब्डन म्हणजे काटेरी झुडपांची किंवा रानगुलाबाची दरी, असं जुन्या इंग्रजीतून सांगतात. ब्रिज म्हणजे अर्थातच पूल. तो अजून आहे, गावाच्या मधोमध. १५१० च्या सुमाराला लाकडी पूल काढून दगडी बांधला, तो हाच. अरुंद आहे, कारण तो गाड्यांसाठी नव्हताच मुळी. पाठीवर कापडाचे गठ्ठे लादलेली तट्टं एकामागे एक जायची, त्यांच्यासाठी होता.

शेजारच्या गावाचं नाव पाटीवर वाचून उच्चारायला जाल तर फसाल. लिहितात Mytholmroyd, उच्चार ‘मायदमरॉइड’. कवी टेड ह्यूज यांचा जन्म तिथला, १९३० चा. माझा पहिला प्रयत्न ऐकून तिकीटवाल्या काकांनी चष्मा काढून पुसला होता.

घरावर घर, म्हणजे नक्की काय प्रकार आहे?

हा प्रश्न सगळ्यांचा असतो आणि याचं उत्तर कळलं की निम्मं गाव कळतं.

खोऱ्याचा तळ इतका अरुंद आहे की नदी, ओढा, कालवा, रस्ता आणि रेल्वे यांनीच तो भरून जातो. एकोणिसाव्या शतकात गिरण्या वाढल्या, कामगार आले, त्यांना ठेवायचं कुठे? सपाट जमीन नाही. मग उतारावरच चार मजली चाळी उभ्या केल्या. खालचे दोन मजले एका कुटुंबाचे, त्यांचं दार खालच्या गल्लीत. वरचे दोन मजले दुसऱ्या कुटुंबाचे आणि त्यांचं दार डोंगराच्या बाजूला, वरच्या गल्लीत. दोन्ही घरांना आपापला रस्ता, आपापला पत्ता. जिना सामाईक नाही. शेजारी एकमेकांच्या डोक्यावर राहतात आणि कित्येकदा एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत.

पुढून पाहिलंत तर चार मजल्यांची उंच इमारत, मागून पाहिलंत तर दोन मजल्यांचं बेतशीर घर. पाहुणे पहिल्या दिवशी हमखास चुकीच्या गल्लीत शिरतात आणि खालच्या घराची बेल दाबतात.

पहिले दोन हिवाळे मी अशा खालच्या घरात काढले. खालच्या घराला खिडक्या एकाच बाजूला असतात, कारण मागची भिंत म्हणजे थेट डोंगर. एका नोव्हेंबरात कपाटातून कोल्हापुरी चपला काढल्या तर त्यांच्यावर हिरवट-पांढरी लव उगवली होती, मखमलीसारखी. भाड्याने देणाऱ्याने सांगितलं, खिडकी उघडी ठेवा. बाहेर तीन अंश तापमान आणि पाऊस. वर राहणाऱ्या बाईंचं वॉशिंग मशीन सुरू झालं की आमच्या पलंगावरचा दिवा हलायचा. त्या माणूस म्हणून फार चांगल्या होत्या, गणपतीत दोनदा मोदक खाऊन गेल्या.

घर विकत घ्यायचा विचार असेल तर हे ध्यानात ठेवा: वरच्या मालकाची मालकी दुसऱ्याच्या घरावर, हवेत तरंगती असते. छप्पर गळलं तर खर्च कुणाचा, पाया खचला तर कुणाचा, हे आधी वकिलाकडून नीट वाचून घ्यावं लागतं. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही, इंग्रज मात्र चक्रावतात.

एवढ्या अडचणीच्या जागी गाव वसवलंच कशाला?

खरं सांगायचं तर ते आधी इथे नव्हतं. जुनी वस्ती डोंगरमाथ्यावर, हेप्टन्स्टॉलला. खालचं खोरं म्हणजे दलदल आणि झाडी. माथ्यावर लोकांची थोडी शेती, थोडी मेंढरं आणि घरोघरी हातमाग. त्या घरांच्या वरच्या मजल्यावर ओळीने खिडक्या दिसतात ना, त्या देखाव्यासाठी नाहीत. मागावर उजेड पडावा म्हणून काढलेल्या आहेत. विणलेलं लोकरीचं कापड तट्टांवर लादून हॅलिफॅक्सच्या बाजारात न्यायचे. तिथला पीस हॉल १७७९ चा. मोठं चौकोनी अंगण आणि भोवती तीनशेहून अधिक खोल्या, दर खोलीत कापडाचा सौदा. नूतनीकरणानंतर २०१७ मध्ये तो पुन्हा उघडला आणि आता तिथे कॉफी मिळते. जरूर जा, रेल्वेने पंधरा मिनिटंही लागत नाहीत.

मग पाण्यावर चालणारी यंत्रं आली. जोरात वाहणारं पाणी माथ्यावर नाही, ते घळीत. गिरण्या ओढ्याकाठी उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागे माणसं खाली उतरली. १७९८ ला रॉचडेल कालवा इथपर्यंत पोचला आणि १८०४ ला मँचेस्टरपर्यंत पूर्ण झाला. त्याने कापूस आणि कोळसा दाराशी आणला. पुढे रेल्वे आली. थोडक्यात, जिथे कुणी शहाणा माणूस घर बांधणार नाही अशा जागी पाण्याच्या ओढीने अख्खं गाव उतरलं. त्या पाण्याचा हिशोब अजून चुकता होतोय, ते पुढे सांगते.

गावाला ‘पँटींचं गाव’ का म्हणायचे?

कारण इथे फस्टियन व्हायचं. फस्टियन म्हणजे जाडजूड, टिकाऊ सुती कापड. कॉर्डुरॉय आणि मोलस्किन ही त्याचीच भावंडं. विणताना कापडावर धाग्याचे बारीक फासे सुटे ठेवायचे आणि नंतर लांब, निमुळत्या सुरीने ते ओळीने कापत जायचं. कापलेला धागा उभा राहतो, त्याची लव होते. हात जरा हलला की कापडाला भोक आणि मजुरीला कात्री. सेंट जॉर्जेस स्क्वेअरमध्ये जे टोकदार शिल्प दिसतं ते या सुरीचंच आहे. पर्यटक त्याला टेकून सेल्फी काढतात आणि ते काय आहे ते विचारत नाहीत.

हे कापड मजुरांच्या, शेतकऱ्यांच्या, खाणकामगारांच्या विजारींना लागायचं. कापड इथलं, शिवणही इथलंच, म्हणून ते नाव.

नटक्लफ नावाची एक गिरणी पाहून ठेवा. १८७० मध्ये फस्टियन कापणाऱ्या काही कामगारांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, तीन वर्षांनी ही गिरणी विकत घेतली आणि जवळपास अर्धं शतक चालवली. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाने आठवतात. प्रवरानगरच्या कितीतरी आधी ही मंडळी स्वतःच्या गिरणीचे मालक होती. आज त्याच इमारतीत कॅलरेक ही कंपनी टीव्ही आणि रेडिओसाठी ध्वनिमिश्रणाची यंत्रं बनवते.

सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. १९०६ ते १९०८ असा इथल्या फस्टियन विणकरांचा लांबलेला संप झाला. १९०७ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एमेलिन पँकहर्स्ट इथे येऊन संपकऱ्यांपुढे बोलल्या. विजारी शिवणाऱ्या मुली त्यातून चळवळीत उतरल्या. लॅव्हिना सॉल्टनस्टॉल ही त्यांतली एक, मताधिकारासाठी तुरुंगात जाऊन आली.

याचा मुंबईशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. पेनाइनच्या या भागातल्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली, कापूस थांबला. लँकेशायर आणि आमच्या या कडेच्या खोऱ्यांत लोक उपाशी बसले. तेव्हा पश्चिम भारतातला कापूस मुंबई बंदरातून इकडे धावला. इथे त्याला ‘सुरत’ म्हणायचे. धागा आखूड, कचरा जास्त, सारखा तुटणारा. कामगारांनी त्याच्या नावाने बोटं मोडली, कारण मजुरी कापडाच्या मापावर आणि तुटक्या धाग्याने माप काही भरत नसे.

त्याच चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला, त्या संपत्तीचं मूळ या कापसाच्या तेजीत. १८६५ ला युद्ध संपलं आणि मुंबईचा फुगा फुटला. पुढे गिरणगाव वाढलं तेव्हा तिथे इथून डोंगरापलीकडच्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं पिढ्यान् पिढ्या फिरली. आणि शेवटी दोन्हीकडचे भोंगे थांबले. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी मॉल आले, इथल्या गिरण्यांत फ्लॅट आणि स्टुडिओ आले.

गिरण्या बंद पडल्यावर गाव ओस कसं पडलं नाही?

पडत आलं होतं. १९६०-७० च्या दशकांत घरं रिकामी, भिंती काजळीने काळ्या. दगड मुळात मधासारखा पिवळसर आहे, पण शंभर वर्षांच्या धुराने काळा पडला. अजूनही न धुतलेल्या भिंती दिसतील. घरं कवडीमोल झाली तेव्हा हिप्पी, चित्रकार, लेखक, कुंभारकाम करणारे असे लोक आले. काहींनी विकत घेतली, काही तशीच घुसून राहिली. त्यांच्या मागोमाग पुष्कळ समलिंगी स्त्रियांनी इथे संसार थाटले. ब्रिटनमध्ये या गावाची ती ओळख आजही आहे आणि गावाला त्यात काही विशेष वाटत नाही. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी शेजारच्या दोघींना ‘बहिणी का?’ विचारलं. नाही, लग्न झालंय, असं कळल्यावर दोन मिनिटं गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘बाग छान ठेवली आहे.’

१९२१ चं पिक्चर हाउस हे थिएटर गावाच्या नगर परिषदेच्या मालकीचं आहे. जुनं टाउन हॉल गावकऱ्यांच्या संस्थेने चालवायला घेतलं आहे. गावात मीटिंगा फार होतात. फार म्हणजे फार. एका बाकाच्या रंगावरून झालेल्या बैठकीला मी दीड तास बसले आहे.

आणि हो, आता घरं कवडीमोल नाहीत. त्या जुन्या कलाकारांना आज इथे घर परवडलं नसतं, ही माझी खंत आहे.

पुराची भीती वाटत नाही का?

वाटते. २०१२ च्या उन्हाळ्यात दोनदा, २०१५ च्या २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, आणि २०२० च्या ९ फेब्रुवारीला गावात पाणी शिरलं. २०१५ चा पूर सगळ्यांत वाईट, त्याच्या खुणा अजून दुकानांच्या भिंतींवर रेघ मारून जपल्या आहेत. एका पुस्तकांच्या दुकानात ती रेघ माझ्या छातीशी येते.

कारण साधं आहे. वर पठारावर पीट नावाची काळी, स्पंजासारखी माती. ती भिजून तट्ट झाली की पुढचा प्रत्येक थेंब घसरगुंडीवरून खाली. उतार उभे, तळ चिंचोळा, आणि दोन प्रवाहांच्या संगमावर गाव. ओढ्यांना भिंती घालून, वर इमारती बांधून त्यांची वाट आणखी अरुंद केलेली.

२०२० चा मी पाहिला. रविवार होता. सकाळी भोंगा वाजला. हे भोंगे युद्धातल्या हवाई हल्ल्याच्या भोंग्यांसारखे वाजतात, पोटात खड्डा पाडतात. तोवर आम्ही वरच्या घरात राहायला गेलो होतो, म्हणून खाली बाजारात मदतीला धावलो. ओळखीच्या एका दुकानात लोकरीच्या गुंड्यांची खोकी माळ्यावर चढवत होतो. दाराला धातूची फळी बसवली होती, तरी पाणी फरशीच्या सांध्यांतून वर येत होतं. आधी फक्त ओल, मग एक चकचकीत पातळ थर, मग बूट बुडाले. रंग चहासारखा आणि वास डिझेलचा. दुकानाची मालकीण एका हातात कॅशबॉक्स आणि दुसऱ्या हातात मांजर घेऊन जिन्यावर बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टाउन हॉलमध्ये फावडी आणि झाडू वाटायला रांग, आणि कुणीतरी न विचारता मसूरच्या सूपचं पातेलं आणून ठेवलेलं.

उपाय चालू आहेत. ‘स्लो द फ्लो’ नावाची स्वयंसेवकांची संस्था वरच्या जंगलात ओढ्यांवर लाकडाच्या ओंडक्यांचे गळके बांध घालते, असे शेकडो झाले आहेत. पाणी अडवायचं नाही, फक्त दमवायचं. पठारावर शेवाळ लावून पीट पुन्हा जिवंत करण्याची कामंही सुरू आहेत. शिकारीच्या ग्राउज पक्ष्यांसाठी पठारावरचं हेदर हे बुटकं झुडूप जाळतात, त्याने पूर वाढतो की नाही यावर इथे कडाक्याची भांडणं होतात. पबमध्ये हा विषय काढू नका.

पाहुण्यांनी घाबरायचं कारण नाही. भोंगा वाजला तर वर चढा, एवढंच. इथे ‘वर’ नेहमी पाच पावलांवर असतं.

एकच दिवस आहे, काय पाहू?

स्टेशनातून बागेतून कालव्याच्या कडेने गावात या. कालव्यात लांबट, अरुंद बोटी बांधलेल्या दिसतील. त्यांत लोक बारमाही राहतात, छपरावर सरपण आणि सायकली. जुन्या पुलावर पाच मिनिटं उभे राहा. मग बट्रेस नावाच्या दगडी फरसबंद चढाने हेप्टन्स्टॉल. चढ जीव काढतो. गुडघ्यांची तक्रार असेल तर छोटी बस वर जाते, तिने जा आणि उतरताना चाला. पावसात मात्र बट्रेस उतरू नका. दगड झिजून साबणासारखे झालेत, मी एकदा बॅगेसकट बसून उतरले आहे.

दुपारी हार्डकॅसल क्रॅग्ज. एवढं पुरे. लोक हॉवर्थ, हॅलिफॅक्स, टॉडमॉर्डन सगळं एका दिवसात कोंबतात आणि फक्त बसस्टॉप पाहून परत जातात.

हेप्टन्स्टॉलला एकाच आवारात दोन चर्च का आहेत?

जुनं तेराव्या शतकातलं. १८४७ च्या वादळात त्याची पडझड झाली. दुरुस्तीऐवजी शेजारीच नवीन बांधलं, ते १८५४ ला पूर्ण झालं. जुनं पाडलं नाही. आता छप्पर नसलेल्या भिंती आणि आत आभाळ. पायाखाली थडग्यांच्या शिळा इतक्या दाट की चालताना माणूस आपोआप हळू बोलतो.

त्यांतली एक डेव्हिड हार्टली याची. या गड्याला ‘नाणेवाल्यांचा राजा’ म्हणत. १७६० च्या दशकात क्रॅग व्हेल या बाजूच्या घळीत त्याची टोळी सोन्याच्या नाण्यांच्या कडा कातरायची, कातरण वितळवून त्याची खोटी पोर्तुगीज नाणी पाडायची. हातमागाचे दिवस वाईट होते, अर्धं खोरं सामील होतं असं म्हणतात. विल्यम डायटन नावाचा सरकारी अधिकारी मागावर आला. १७६९ मध्ये हॅलिफॅक्समध्ये त्याचा खून झाला. १७७० च्या एप्रिलमध्ये हार्टलीला यॉर्कला फाशी दिलं. लोक अजून त्याच्या थडग्यावर नाणी ठेवून जातात. चोराला दक्षिणा!

रस्त्यापलीकडच्या नव्या दफनभूमीत कवयित्री सिल्व्हिया प्लाथ आहेत. १९६३ मध्ये लंडनला त्यांनी आयुष्य संपवलं. नवरा टेड ह्यूज यांचं घराणं इथलं म्हणून त्यांना इथे पुरलं. दगडावरचं ‘ह्यूज’ हे आडनाव संतापलेल्या चाहत्यांनी पुन्हा पुन्हा खरवडून काढलं आहे. त्याच दगडावर ज्वाळांत लावलेल्या सोनेरी कमळाबद्दल एक ओळ आहे. ती भगवद्‌गीतेतली म्हणून सगळीकडे सांगितली जाते आणि भारतीय दिसलं की लोक आपल्यालाच अध्याय विचारतात. गीतेत तशी ओळ नाही. ती एका जुन्या चिनी कथेतली आहे. निःसंकोच सांगा.

गुड फ्रायडेला आलात तर हेप्टन्स्टॉलच्या चौकात पेस एग नावाचं सोंगांचं नाटक पाहायला मिळेल. सेंट जॉर्ज तलवारीने एकेकाला पाडतो, मग डॉक्टर येऊन त्यांना उठवतो. आमच्या सिंधुदुर्गच्या पाहुण्याला दशावताराची आठवण होऊन भलताच आनंद झाला होता.

हार्डकॅसल क्रॅग्ज हा कडा आहे का?

नावावरून वाटतो, पण मुख्य गोष्ट म्हणजे ओढ्याकाठचं दाट जंगल. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे जायचं, मुलं हटकून एक बूट भिजवतात. आत चालत गेलं की १८०० च्या सुमाराची गिब्सन मिल लागते. ही कापसाची गिरणी, पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहलीचं ठिकाण झाली, तिथे स्केटिंग चालायचं. आज तिला बाहेरची वीज नाही. ओढ्यावरची जलविद्युत आणि सौर तावदानं यांवर कॅफे चालतो. म्हणून कधी कधी टोस्ट मिळत नाही, केक मिळतो. एप्रिल-मेमध्ये झाडांखाली ब्लूबेलचा निळा गालिचा आणि पायवाटेच्या कडेला पाइनच्या काड्यांचे गुडघाभर ढीग दिसतील. ती केसाळ रानमुंग्यांची वारुळं. त्यांवर बसू नका, हे मी अनुभवाने सांगते.

टॉडमॉर्डनला जायलाच हवं का?

मी तर म्हणेन, हो. रेल्वेने पुढचंच स्टेशन. तिथलं टाउन हॉल १८७५ चं आणि ते एका ओढ्यावर बांधलंय. तो ओढा म्हणजे यॉर्कशायर आणि लँकेशायर यांची तेव्हाची हद्द. सभागृहात नाचताना लोक एका परगण्यातून दुसऱ्यात जायचे. १८८८ च्या कायद्यानंतर सगळं गाव यॉर्कशायरात आलं, पण वाद मिटला असं समजू नका.

२००८ मध्ये इथे ‘इन्क्रेडिबल एडिबल’ सुरू झालं. रिकाम्या जागी भाज्या लावायच्या आणि ज्याला हव्या त्याने तोडून न्यायच्या. पोलिस ठाण्यासमोर मका, दवाखान्याबाहेर औषधी वनस्पती. मी एकदा मूठभर कोथिंबीर तोडताना उगीच इकडेतिकडे पाहिलं होतं, सवयीने.

गिरणीमालक असूनही कामगारांसाठी दहा तासांच्या दिवसाचा कायदा १८४७ ला होण्यासाठी झटलेले खासदार जॉन फील्डन इथलेच. आणि एकाच शाळेतून दोन नोबेल विजेते: भौतिकीचे जॉन कॉकक्रॉफ्ट, १९५१, आणि रसायनाचे जेफ्री विल्किन्सन, १९७३. आपल्याकडे असतं तर शाळेच्या फाटकावर केवढा फ्लेक्स लागला असता.

या दोन गावांच्या मधे डोंगरावर जो काळा मनोरा दिसतो तो स्टूडली पाइक. नेपोलियनच्या पराभवाच्या आनंदात बांधायला घेतलेला पहिला मनोरा १८५४ ला कोसळला, आताचा १८५६ चा, ३७ मीटर उंच. आतला जिना मिट्ट काळोखाचा, टॉर्च न्या.

‘जेन एअर’, ‘वदरिंग हाइट्स’ लिहिणाऱ्या ब्राँटे भगिनींचं घर इथून जवळ आहे?

हॉवर्थला. डोंगरावरून बस जाते. स्वतंत्र दिवस काढा.

शाकाहारी माणसाचं काय?

काही अडत नाही. कॅफेत शाकाहारी आणि व्हीगन पदार्थ भरपूर, कुणी ‘फक्त चिप्स देऊ का?’ असं विचारत नाही. कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, गोडा मसाल्याचा कच्चा माल ब्रॅडफर्ड किंवा मँचेस्टरहून आणते.

स्थानिक म्हणून डॉक पुडिंग चाखा. वसंतात उगवणारी एक रानपालेभाजी, खाजकुयलीसारखी झोंबणारी नेटलची कोवळी पानं, कांदा आणि ओटचा भरडा घालून शिजवतात. दिसायला गडद हिरवं, गिळगिळीत, थेट अळूचं फदफदं. मायदमरॉइडला याची चक्क जागतिक स्पर्धा भरते. सावधान, ते बहुतेकदा बेकनच्या चरबीत परततात, आधी विचारा. मी घरी लसणाची फोडणी आणि थोडी चिंच घातली होती. शेजाऱ्यांनी चाखलं, वाटी रिकामी केली आणि ‘हे डॉक पुडिंग नव्हे’ असं ठणकावून सांगितलं.

लोक कसे आहेत?

बोलके. बसचालक तुम्हाला ‘लव्ह’ म्हणेल. त्यात काही नाही, आपल्या ‘ताई’इतकंच. ‘एय अप’ म्हणजे ‘काय म्हणता’, ‘टा’ म्हणजे ‘धन्यवाद’. दोन घरांमधली बोळ म्हणजे ‘गिनेल’, घळ म्हणजे ‘क्लफ’, आणि डोंगरमाथा म्हणजे नुसतं ‘टॉप्स’. यॉर्कशायरच्या माणसाने ‘नॉट बॅड’ म्हटलं की त्याला ते फार आवडलंय असं समजावं.

कपडे कुठले आणू?

जून असला तरी स्वेटर. छत्री नको, वारा ती उलटी करतो. टोपीचं रेनकोट आणा. डिसेंबरात पावणेचारला सूर्य बुडतो, आणि खोरं खोल असल्याने काही घरांवर आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही. जूनमध्ये उलट, रात्री साडेनऊलाही उजेड.

आई-बाबांना घेऊन येतोय, झेपेल का?

कालव्याची कडवाट पूर्ण सपाट आहे, एवढ्या चढाच्या गावात ती म्हणजे वरदान. हेब्डन ब्रिजहून मायदमरॉइडपर्यंत रमतगमत पाऊण तास, मधे बसायला बाकं, बदकं, बोटवाल्यांच्या गप्पा. परतीला रेल्वे. माझ्या बाबांनी पंच्याहत्तरीत केलं. बोटी वर-खाली चढवण्यासाठी कालव्यात पाणी अडवणारे कप्पे असतात, त्यांना लॉक म्हणतात; त्यांना या लॉकचे दरवाजे उघडताना पाहायचा नाद लागला आणि तीन बोटी जाईपर्यंत ते हलले नाहीत. येताना त्यांच्यासाठी थर्मासमध्ये चहा आणा, कालव्यावर साखर घातलेला चहा मिळवणं हा वेगळाच प्रकल्प आहे.